चौपन्न-चौपन्नचं दार

पहिलं नाव भोजन्नांचं. त्यानंतर त्यांच्या बायकोचं, लस्मव्वाचं. बाकीच्यांची मागाहून, आणि किशनसेठचं तर नाइलाजानं, कारण तो नसता तर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती. भोजन्ना त्या वेळी मस्कतला एका कंपनीच्या कॉम्प्युटरच्या खोलीत कामाला होते. वायरी ओढायच्या, मशीनं चालू-बंद करायची, गार हवेची यंत्रं सांभाळायची, असलं काम. मी त्यांना समोरासमोर कधी पाहिलेलं नाही, आजतागायत नाही. त्यांचा आवाज ऐकलाय, इंग्रजी अक्षरांत टाइप केलेली त्यांची हिंदी वाचलीय, आणि तेवढ्यावर त्यांनी मला एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी नीट ठेवलं. इथं कोइमतूरला, नवऱ्याच्या सूतगिरणीच्या क्वार्टरात, चारी बाजूंनी तमिळ ऐकू येत असताना मी हे मराठीत लिहीत बसले आहे. काही चुकीचं लिहिलं गेलं तर कोण काय म्हणेल, ही धास्ती आहेच. स्वभाव जुना आहे, जायचा नाही. भोजन्नांचं नाव लिहिलं की ती धास्ती जरा सैल होते, एवढंच.

आमचं घर आदिलाबादला, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. पुढं दुकान, मागं घर आणि मधे फुलाफुलांचा एक पडदा, जो धुतला की दिवसभर दुकानातल्या गिऱ्हाइकांना आमची चूल दिसायची. दुकानात झेरॉक्स, वह्या-पेनं, लग्नपत्रिकांचे नमुने, आणि कोपऱ्यात प्लायवूडचं खोपटं करून त्यात एक कॉम्प्युटर, हेडफोन आणि दोन खुर्च्या. बाहेर दुसरा कॉम्प्युटर, त्यावर मी. कापसाच्या हंगामात मार्केट यार्डाकडे जाणारे ट्रॅक्टर आमच्या गल्लीतून वळायचे आणि सरकीचे धागे हवेत उडत येऊन मॉनिटरच्या काचेला चिकटायचे. मी ते ओल्या फडक्यानं पुसायची आणि परत यायचे. सकाळी मराठी, दुपारी उर्दू, संध्याकाळी तेलुगू, असं दुकान ऐकू यायचं. पडद्यामागं माय भाकरी थापायची. तो थापण्याचा आवाज हेडफोनच्या माइकमधून समुद्रापलीकडं जायचा, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. एकदा भोजन्नांनी टाइप करून विचारलं, की मागं कोणी भाकरी करतंय का, ज्वारीची आहे का. मी मायला सांगितलं. ती लाजली आणि त्या दिवसापासून शुक्रवारी भाकरी जरा जोरानं थापायला लागली. बरोबर अंबाडीची भाजी, जवसाची चटणी. मी खोपट्याच्या बाहेर बसूनच जेवायची, ताट मांडीवर, डोळे मशीनवर.

माझी शाळा आठवीला संपली. नापास झाले म्हणून नव्हे; आमच्या शाळेत मराठी आठवीपर्यंतच होतं. पुढं तेलुगू नाहीतर उर्दू. मी एक वर्ष तेलुगूच्या वर्गात बसून पाहिलं. गणित येत होतं, पण गणितात काय विचारलंय तेच कळायचं नाही. बाई चांगल्या होत्या, पण पन्नास पोरांत माझ्यासाठी त्या कुठवर थांबणार. मग बाबा म्हणाले, "राहू दे. दुकानात बस. हिसाब-किताब तर येते न तुले." मला रडू आलं आणि त्याच वेळी बरंही वाटलं, कारण रोज सकाळी त्या वर्गात जाऊन बसायचं आता थांबलं. मशीनवर बसायला लागले तेव्हा पहिल्यांदा कळलं की एखादी गोष्ट आपल्याला भीती न वाटता येऊ शकते. कीबोर्डला माझी भाषा कोणती ते विचारायचं नव्हतं.

शुक्रवार म्हणजे आमचा मोठा दिवस. आखातात त्या दिवशी सुट्टी. आजूबाजूच्या खेड्यांतल्या, पार निर्मलच्या बाजूच्यासुद्धा बाया सकाळच्या बसनं यायच्या, डोईवर पदर घेऊन, हातात पिशवी, पिशवीत नवऱ्याला दाखवायला काहीबाही. दाखवता काही यायचं नाही, कॅमेरा नव्हता, तरी आणायच्या. लस्मव्वा एकदा कोंबडीचं पिल्लू घेऊन आली होती आणि ते माइकजवळ धरून त्याला ओरडायला लावत होती. ती जैनथच्या बाजूची, उंच, काळीसावळी, मोठ्यानं बोलणारी बाई. मराठी तिला येत होती, तेलुगूत घोळवलेली. मला 'बिड्डा' म्हणायची, म्हणजे लेकरा. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. नवऱ्याशी बोलणं व्हायच्या आधी तो मशीनवर आलाय का हे मी टाइप करून विचारायची आणि त्यानं लिहिलेलं तिला वाचून दाखवायची. काही वाक्यं वाचताना माझे कान तापायचे. ती हसून म्हणायची, "वाच बिड्डा, लाजतेस काऊन, तुझाबी होईल की नवरा."

आता किशनसेठ. गावात इंटरनेटची लाइन वाटायचं काम त्याच्याकडं होतं. टीव्हीची केबलही त्याचीच. सगळ्यांच्या छपरांवरून गेलेली ती काळी वायर शेवटी त्याच्या दुमजली घरात जाऊन शिरायची. त्यानं आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्वतःचं फोनबूथ काढलं, काचेचं, आत पंखा. आधी बाबांना म्हणाला, "वामनराव, ते कोपऱ्यातलं खोपटं माह्या नावानं करून टाका, तुमी झेरॉक्स सांभाळा." बाबा नाही म्हणाले. मोठ्यानं नाही म्हणणं बाबांना जमायचं नाही, ते म्हणाले, "पाहू." पण किशनसेठला कळलं. त्यानंतरच्या शुक्रवारी आमच्याकडून एकही कॉल लागला नाही.

लागला नाही म्हणजे कसा, ते सांगते. मशीनवर लिहिलेलं दिसायचं, टाइप केलेलं जायचं, पेपरच्या वेबसाइट उघडायच्या. कॉल लावला की मात्र रिंग जायची नाही, आवाज यायचा नाही. एक गोल चाक फिरत राहायचं आणि मग म्हणायचं, जमलं नाही. बाया बसून राहिल्या. दुपारच्या बसची वेळ झाली. लस्मव्वा हेडफोन काढायला तयार नव्हती. "आता लागंल," म्हणत ती त्या चाकाकडं बघत बसली होती. मी घाबरून वायरी काढल्या, लावल्या, मशीन बंद केलं, चालू केलं, मॉडेमवर कपाळ टेकवावंसं वाटत होतं. त्या बाया एकेक करून उठल्या आणि किशनसेठच्या काचेच्या बूथात गेल्या. तिथं कॉल लागत होते. तिथला लस्मव्वाच्या मैत्रिणीचा हसण्याचा आवाज आमच्या दुकानापर्यंत येत होता.

तक्रार केली तर त्याचा माणूस आला, त्यानं पेपरची वेबसाइट उघडून दाखवली, म्हणाला, "लाइन तर चालून राह्यली." आणि पुढच्या शुक्रवारी किशनसेठ स्वतः आला. दुकान भरलेलं. पांढरा झब्बा, पानानं लाल झालेले दात. तो माझ्याशी बोलला नाही, बाबांशी बोलला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "वामनराव, लाइनमदी काही खोट नाई. आठवी शिकलेल्या पोरीले मशीनवर बसवलं तुमी. एकेकीचा पायगुण राहते. ती बसली की लाइन बसते." दोन माणसं हसली. एक बाई माझ्याकडं बघून पदर सावरायला लागली, जसं काही मी तिला लागणार होते. "हिले जिनिंगला धाडा कापूस निवडाले," तो जाता जाता म्हणाला, "तिथं लाइन नाई राहत."

बाबा काही बोलले नाहीत, याचं मला वाईट वाटलं नाही. बाबांना बोलता येत नसे. पण घरात तो शब्द, पायगुण, राहायला आला. मायनं संध्याकाळी मीठ-मिरच्या घेऊन माझी दृष्ट काढली, मग जरा थांबून मॉडेमचीही काढली. मिरच्यांचा ठसका लागून आम्ही तिघं खोकत बसलो. पुढच्या शुक्रवारी बाबा म्हणाले, "सुमे, आज मी बसतो मशीनवर. तू आत राय." ते परीक्षा घेत होते, किशनसेठचं खरं आहे का खोटं याची. मी पडद्यामागं मायजवळ बसले आणि देवाजवळ मागत होते की कॉल लागू नये. लागला नाही. बाबांनाही लागला नाही. मला इतका आनंद झाला की भाकरीचा घास गिळता येईना. पण आनंदाचा काही उपयोग नव्हता. रात्री जेवताना बाबा ताटाकडं बघत म्हणाले, "दसऱ्यानंतर जिनिंग चालू होते. मुकादमाशी बोललो. खोपटं काढून टाकू." मायनं भाजी वाढली, नको असताना.

त्या जेवणात माझ्यात काहीतरी पक्कं झालं. मी भित्री होते, अजून आहे. पण भित्र्या माणसाचा राग लवकर संपत नाही, तो बाहेर पडायला वाट नसल्यामुळं आत मुरतो. किशनसेठला मारावं, शिव्या द्याव्यात, असं मला वाटत नव्हतं. मला वाटत होतं, त्यानं भर शुक्रवारी, सगळ्यांसमोर, स्वतःच्या हातानं स्वतःचं बूथ बंद पाडावं आणि सगळ्यांनी त्याच्याकडं तसं बघावं, जसं त्या बाईनं माझ्याकडं पदर सावरत बघितलं होतं. एवढंच मागत होते. इतकं नेमकं मी देवाकडंसुद्धा कधी काही मागितलं नव्हतं.

लस्मव्वा मात्र अजून आमच्याकडंच यायची. बोलणं होत नसलं तरी टाइप करून होत होतं, आणि काचेच्या बूथात तिला बोलल्यासारखं वाटायचं नाही म्हणे, कारण तिथं मागं रांग असायची. एका दुपारी तिचं सगळं सांगून झालं, म्हशीचं, पावसाचं, दिराचं, आणि मी खाली माझ्याकडून एक ओळ लिहिली: अण्णा, आमच्याकडून आवाज का जात नाही? भोजन्नांनी मग लिहिलं. मी त्यांची हिंदी मराठीत सांगते. लाइन एक असली तरी तिला दारं पुष्कळ असतात, प्रत्येक दाराला नंबर. त्याला पोर्ट म्हणतात. वेबसाइट एका दारातून जाते, मेल दुसऱ्या, बोलणं तिसऱ्या. मधे कोणी फायरवॉल नावाचा पहारेकरी बसवला की तो ठरवतो कोणतं दार उघडं, कोणतं बंद. तुमच्या गावात कोणीतरी बोलण्याची दारं बंद करून ठेवली आहेत. कोणती उघडी राहिली, ते बघ.

मला दुसऱ्या दिवसापर्यंत धीर निघाला नाही. भर उन्हाळा होता. दुपारी गल्लीतली शटरं अर्धी खाली असायची, बाबा आत आडवे व्हायचे, कूलरचं पाणी टपटपायचं. मी एका मोठ्या पेपरच्या वेबसाइटचा पत्ता टाइप करायची, त्यापुढं दोन टिंबं आणि एक नंबर. चाक फिरायचं. बंद. पुढचा नंबर. बंद. त्याच्या पुढचा. बंद. कितीतरी दुपारी मी असं केलं आणि शेवटी रडकुंडीला येऊन भोजन्नांना लिहिलं की सगळी बंद आहेत, एकही उरलेलं नाही, त्यानं सगळं बुजवलंय. त्यांनी आधी हसल्याची खूण पाठवली, मग विचारलं, तू कोणाच्या घराची दारं ठोकून राह्यली होतीस? मी सांगितलं. ते म्हणाले, त्या घराला एकच दार आहे, बाई. बाकीच्या ठिकाणी भिंत आहे. भिंतीवर ठोकलं तर आतून ओ कोण देणार? ठोकणारा तुझ्याकडं आहे, पण ऐकणारा पण पाहिजे. पलीकडं प्रत्येक दारामागं कोणीतरी बसलेलं पाहिजे. मी बसतो.

आणि ते बसले. त्यांनी त्यांच्या साहेबाला विचारलं. साहेब मल्याळी होता, त्याची स्वतःची बायको गावी. बायकोशी बोलायचंय म्हटल्यावर त्यानं कोपऱ्यातलं एक जुनं मशीन वापरायला दिलं. भोजन्नांनी त्या मशीनची सगळी दारं उघडी केली आणि प्रत्येकामागं एकच शब्द ठेवला. ज्या नंबरावर मी ठोकीन, तो नंबर आमच्या गावातून बाहेर पडत असेल, तर माझ्या मशीनवर तेवढा शब्द दिसेल: उन्ना. तेलुगूत त्याचा अर्थ, आहे मी. तेलुगूनं मला शाळेतून घालवलं होतं. त्या भाषेतला हा एक शब्द दिसावा म्हणून मी रोज दुपारी श्वास रोखून बसायची.

वेबसाइटच्या दारावर तो लगेच दिसला. मेलच्या दारावर दिसला. पण ती दारं काही कामाची नव्हती, कंपनीच्या दुसऱ्या कामाला ती लागायची आणि बोलण्यासाठी ती वापरायची नाहीत असं साहेबानं सांगितलं होतं. मी पुढं गेले. लहान नंबर संपवले, शेकड्यांत गेले, हजारांत गेले. नंबर साठ हजारांच्या वर जातात हे कळल्यावर मी कॅलेंडर बघितलं. दसरा जवळ येत होता. मुकादम एकदा येऊन चहा पिऊन गेला होता, मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला होता, "हात बारीक आहेत, पण चालते."

मग एक दिवस किशनसेठची जीप दुकानासमोर थांबली. खाली उतरला नाही, काच खाली केली. मी मशीनवर बसलेली. "अजून बसूनच राह्यली का व पोरी," तो म्हणाला, "काय शोधून राह्यली त्याच्यात?"

"काई नाई सेठजी," मी म्हणाले.

"शोध, शोध. सापडलं तर मले सांग." ड्रायव्हर हसला. जीप मागं घेऊन वळवायला लागले आणि तिची नंबरपाटी माझ्या तोंडासमोर आली. चौपन्न-चौपन्न. मी ती पाटी रोज बघत होते, सगळं गाव बघत होतं. त्याच्या मोबाइलच्या शेवटी चौपन्न-चौपन्न, पोराच्या बुलेटवर चौपन्न-चौपन्न, केबलच्या पावतीवर वर मोठ्यानं छापलेलं चौपन्न-चौपन्न. कोण्या जोतिष्यानं त्याला सांगितलं होतं की तुझा अंक नऊ, आणि पाच-चार-पाच-चार मिळून अठरा, एक आणि आठ नऊ. तो नंबर मिळावा म्हणून त्यानं आरटीओत कुणाकुणाला धरलं होतं, हे सांगत सुटायचा. आमच्याकडं असल्या नंबरांचं वेड घराघरात. गाडीच्या आधी लोक नंबर घेतात. माणूस आपल्या लाडक्या नंबराशिवाय कुठं सही करायला धजत नाही, तर हा दार उघडताना दुसरा नंबर कशाला देईल?

जीप वळून गेली. तिचा धुरळा अजून दारात होता. मी भोजन्नांच्या मशीनचा पत्ता लिहिला, दोन टिंबं दिली आणि पुढं ५४५४. चाक फिरलं नाही. लगेच आलं. उन्ना.

मी उठून पडद्यामागं गेले आणि पाणी प्यायले. परत येऊन पुन्हा केलं. उन्ना. भोजन्नांना कळवलं. त्यांनी समजावलं की काय झालं असावं. त्याच्या बूथाचे कॉल बाहेर जायला एक दार लागणारच. ते त्यानं आपल्या नंबराचं घेतलं. पण त्याचं बूथ आणि आपलं दुकान एकाच लाइनवर. दार फक्त त्याच्यासाठी उघडं ठेवायचं तर पहारेकऱ्याला तसं नीट शिकवावं लागतं. तेवढं कोणी केलं नाही. दार साऱ्या गावाला उघडं आहे, फक्त ते आहे हे कोणाला ठाऊक नाही.

त्यांनी आमच्या दुकानातल्या सगळ्यांच्याच बोलण्याचा रस्ता त्या दारातून, त्यांच्या जुन्या मशीनवरून वळवून दिला. त्या शुक्रवारी लस्मव्वा खोपट्यात बसली, मी हेडफोन लावून दिला, आणि पलीकडून माणसाचा आवाज आला. तिनं हेडफोन दोन्ही हातांनी कानाशी दाबला. मग एकदम तेलुगूत त्याला झापायला लागली, की म्हैस विकू नको म्हटलं होतं, तरी भावाला हो का म्हटलंस. पुष्कळ वेळ झापत होती. बाहेर आली तेव्हा डोळे पुसत माझ्या गालाला हात लावून गेली. हळूहळू बाकीच्या बायाही परत आल्या. बाबा खूश झाले, पण खोपटं काढायचं की नाही, यावर काही बोलले नाहीत. मुकादमाला दिलेला शब्द तसाच लटकत होता.

इथं थांबता आलं असतं. बाबा तर म्हणालेच, "आपलं चालून राह्यलं न? गप बस आता." पण मला चालणं नको होतं, मला त्याचं पडणं हवं होतं. तो शब्द अजून गल्लीत फिरत होता. भाजीवाली मला बघून विचारायची, "आता लागते का व लाइन तुह्या हातानं?" म्हणजे कॉल लागले तरी पायगुण माझाच. मी विचार केला. तो चिडला की दार बंद करील. दार बंद केलं की आपलंही जाईल, पण त्याच दारातून चालणारं त्याचं बूथ आधी जाईल, आणि त्याच्याकडं त्या वेळी गर्दी असेल तर सगळ्यांसमोर जाईल. ते त्याला आधी समजणार नाही, कारण दार तो स्वतःच बंद करतो, आणि असलं समजणारा त्याचा इंजिनिअर हैदराबादला. त्याला फक्त राग यायला हवा होता, आणि तो शुक्रवारी सकाळी यायला हवा होता.

आमच्या बायांना मी गुरुवारीच सांगून ठेवलं होतं, पहिल्या बसनं या. सकाळीच सगळ्यांचं बोलणं उरकलं. मग मी वायर बघायला म्हणून बोलावलेला किशनसेठचा माणूस आला, तोच, ज्यानं मला वेबसाइट उघडून दाखवली होती. मी त्याला चहा दिला. म्हणाले, "दादा, सेठजीले सांगा, त्यायच्या गाडीचा नंबर लई गुणाचा आहे. आमी सगळे त्याच्यातूनच बोलून राह्यलो." त्याला काही कळलं नाही. पण त्यानं जसंच्या तसं जाऊन सांगितलं.

माझ्या अंदाजापेक्षा लवकर झालं. आम्ही दुकानात बसलेलो असताना काचेच्या बूथातून एक बाई ओरडली. मग दुसरी. मग रांगेतल्या सगळ्या. आतल्या बायांचे नवरे बोलता बोलता गप झाले होते, सगळ्यांचे एकदम. किशनसेठ वरच्या मजल्यावरून खाली आला. त्याला वाटलं होतं आमचं बंद पडलं असेल. चेहऱ्यावर तसंच हसू होतं. खाली येईतो ते गेलं. बायांनी त्याला गराडा घातला. मराठीत, तेलुगूत, उर्दूत, जिला जे येत होतं त्यात. "सेठ, माह्या पोराच्या लग्नाचं बोलत होतो मी," एक म्हातारी म्हणत होती. तो आपल्या माणसावर ओरडला, माणूस वर पळाला. दार परत कसं उघडायचं, हे तो रागात विसरला असावा. नाहीतर मशीनच अडलं असेल. दुपारची बस गेली तरी लागेना. मी दारात उभी होते. हातात फडकं होतं, काच पुसायचं. त्यानं गर्दीतून माझ्याकडं बघितलं. मी नजर खाली केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा.

माय पडद्याआडून बघत होती. तिनं अगदी साधेपणानं विचारलं, "तिथं तं तू नाई बसली न सुमे? मंग कोणाचा पायगुण लागला?" गल्लीतली भाजीवाली हसली. संध्याकाळपर्यंत ते वाक्य बसस्टँडपर्यंत गेलं. मी त्या रात्री पोटभर जेवले. लोक म्हणतात, सूड घेऊन समाधान होत नाही. माझं झालं. मला त्या माणसाची दया तेव्हा आली नाही आणि आज, तो अंथरुणाला खिळलाय असं ऐकते, तरी येत नाही.

त्यानं दार पुन्हा उघडलं, उघडावंच लागलं, आणि तसंच ठेवावं लागलं. बंद केलं तर आधी त्याचं जात होतं, आणि इंजिनिअरला बोलावून नंबर बदलायचा तर आपल्या शुभ अंकानं दगा दिला हे कबूल करावं लागलं असतं. मला अजून एक डाव सुचला होता. पण त्या आठवड्यात भोजन्नांनी लिहिलं की त्यांच्या खोलीतला दोस्त, कामारेड्डीकडचा, त्या शुक्रवारी हेडफोन लावून संध्याकाळपर्यंत बसून होता, कारण त्याची बायको माहेरी आली होती आणि त्या काचेच्या बूथात बोलत होती. रागावले नाहीत. एवढंच लिहिलं, "सुमन, अब बस." मी बस केलं. भोजन्नांसाठी केलं, किशनसेठसाठी नाही.

दसऱ्यानंतर मुकादम आला. सायकल भिंतीला लावली, म्हणाला, "चाल व पोरी, उद्यापासून." मी मशीनवर होते, खोपट्यात कोणाचं तरी बोलणं चाललं होतं. बाबा झेरॉक्सचा कागद भरत होते. त्यांनी कागद खाली ठेवला, मुकादमाकडं बघितलं आणि म्हणाले, "ती येत नाई. ती मशीनवर आहे." मग परत कागद भरायला लागले. मुकादम चहा पिऊन गेला.

ते खोपटं पुढं पुष्कळ वर्षं चाललं. माझं लग्न ठरलं तेव्हा नवऱ्यानं, जो जिनिंगमध्ये फिटर होता, पहिल्यांदा विचारलं ते हेच, की मशीनवर बसणारी ती तुमीच का. मग सगळ्यांच्या हातात मोबाइल आला आणि त्या दारांची कोणाला गरज राहिली नाही.

भोजन्ना आता गावी परत आलेत. लस्मव्वा फोनवर तेवढ्याच मोठ्यानं बोलते. मागच्या महिन्यात म्हणाली, नातीला नर्सिंग शिकायचं आहे, कोइमतूरला कॉलेजं चांगली आहेत म्हणतात, पण एवढ्या लांब, अनोळखी भाषेत, पोरीला कोणाकडं पाठवायचं. मी तिला विचारायलाही दिलं नाही. अण्णांचं देणं मी फेडणार आहे, आज ना उद्या, आणि कसं फेडायचं हे मला इतकी वर्षं सुचत नव्हतं. आमच्या क्वार्टरात पुढची एक लहान खोली आहे, तिच्यात नवऱ्याची हत्यारं पडलेली असतात. काल ती सगळी काढून मी मागच्या व्हरांड्यात ठेवली आणि खिडकीला जाळी लावून घेतली.